नदी, पाणथळ जागा आणि पाण्यातील लहान जीव

नदी म्हणजे दोन काठांमधील प्रवाह, ही समजूत अपुरी आहे. पुराच्या दिवसांत नदी काठ ओलांडते, लगतचे सखल भाग व जुने प्रवाहमार्ग भरते आणि ओसरताना मागे पाणथळ जागा ठेवून जाते. पाण्याच्या या येण्याजाण्यावर असंख्य अपृष्ठवंशी, म्हणजे कणा नसलेल्या, जीवांचे जीवन अवलंबून असते. शिंपले, गोगलगाई, झिंगे, तसेच चतुर व टाचणी यांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या हे त्यांपैकीच होत. अनेक मासे आणि पाणपक्षी यांचे अन्न याच जीवांतून येते.

हा जलसंबंध किती असावा? ऑस्ट्रियातील डॅन्यूब नदीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. व्हिएन्नाजवळ १८७० ते १८७५ या काळात ही नदी सरळ, बांधीव पात्रात घेण्यात आली. पुढे शहराच्या पूर्वेकडील तटबंधांमुळे अनेक उपप्रवाह मुख्य नदीपासून तुटले आणि गाळाने भरू लागले. १९९० नंतरच्या दशकात रेगेल्सब्रुन येथे तटबंध ठराविक ठिकाणी खाली उतरवून नदीचे पाणी जुन्या उपप्रवाहांत पुन्हा खेळते करण्यात आले.

या पूरमैदानाच्या अभ्यासात क्लेमेंट टॉकनर व त्यांच्या सहकाऱ्यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. माशांच्या जाती नदीशी जोडलेल्या पाण्यात अधिक, तर उभयचरांच्या जाती अलग पडलेल्या डबक्यांत अधिक असतात. मृदुकाय प्राणी आणि चतुर यांची विविधता या दोहोंच्या मधल्या स्थितीत वाढते. याचे कारण उघड आहे. वेगवान पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी पाणवनस्पतींना थारा मिळत नाही. कायम तुटलेल्या पाण्यात वनस्पती माजतात, गाळ साचतो आणि प्राणवायू घटतो. अधूनमधून पूर येणाऱ्या डोहात मात्र दोन्हींचा लाभ होतो. गोड्या पाण्यातील अनेक शिंपल्यांच्या अळ्या तर माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. माशांची वाट अडली की शिंपल्यांचीही पैदास खुंटते.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे, गाळ साचून निर्माण झाले. तेथील पक्षिवैभवाचा पाया उथळ पाण्यातील याच लहान जीवांनी घातला आहे.

यावरून स्थानिक संस्थांचे कर्तव्य स्पष्ट होते. नदीकाठी रस्ता वा बांध घालताना पुराच्या पाण्याची वाट बुजवू नये. पुरेशा मोऱ्या ठेवाव्यात. सखल डोह निरुपयोगी समजून भराव टाकू नये. मात्र सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडले, तर हीच वाट प्रदूषणही आत आणील. सर्व डोह नदीला जोडावेत किंवा सर्व तोडावेत, असा एकच नियम चालत नाही. काही सदैव जोडलेले, काही पुरापुरते जोडलेले आणि काही अलग, अशी पाण्याची विविधता टिकली, तरच जीवांची विविधता टिकेल.