कोंबडी उताणी पडली तर निर्दोष!
(मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



पश्चिम आफ्रिकेतील अंधश्रद्धा म्हटले की आपल्याला मुखवटे आणि ताईत आठवतात. पण ताईत बांधणाऱ्याचे नुकसान झालेच, तर त्याचे एकट्याचे होते. नोकरीनिमित्त मी चार वर्षे घानात होतो. तिथल्या ज्या समजुतीची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते, तिच्याविषयी आज बोलतो.

उत्तर घानात गाम्बागा, कुकुओ, ग्नानी अशा काही ठिकाणी 'चेटकिणींच्या छावण्या' आहेत. तिथे राहणाऱ्या बहुतेक जणी वृद्ध विधवा. अ‍ॅक्शनएड संस्थेच्या २०१२ सालच्या अहवालाप्रमाणे तेव्हाच्या सहा छावण्यांत सुमारे ८०० स्त्रिया होत्या आणि त्यांच्यासोबत ५०० मुले.

आरोप कसा होतो? गावात पोर दगावते, मग कोणाच्या तरी स्वप्नात शेजारची म्हातारी येते. तेवढा पुरावा पुरतो. हा प्रदेश मेंदूज्वराच्या, म्हणजे मेनिंजायटिसच्या पट्ट्यात येतो. कोरड्या ऋतूत साथी येतात. १९९७ साली फार मोठी आली होती. धडधाकट मूल दोन दिवसांत जाते. जंतू डोळ्यांना दिसत नाही, म्हातारी दिसते. तिचा नवरा वारलेला असतो, पाठीशी कोणी नसते. कधी ती फटकळ असते, तर कधी व्यापार करून चार पैसे बाळगून असते.

गाम्बागात तिचा 'न्याय' होतो तो असा. कोंबडीचा गळा चिरून तिला सोडतात. तडफडून उताणी पडली तर बाई निर्दोष, पालथी पडली तर चेटकीण. पण निर्दोष ठरली तरी घरी जायची सोय नाही, कारण गावाने निकाल आधीच दिलेला असतो.

मग या छावण्या बंद का करत नाहीत? सरकारने २०१४ मध्ये बोन्यासेची छावणी बंद केलीही. पण छावणीच्या प्रमुखापुढे चेटूक चालत नाही अशी श्रद्धा असल्यामुळे गावकरी तिथे दगड घेऊन येत नाहीत. एका अंधश्रद्धेने घराबाहेर काढलेल्या बाईला दुसरी अंधश्रद्धा जगवते! जुलै २०२० मध्ये काफाबा गावात ९० वर्षांच्या अकुआ डेंटेह यांना चेटकीण ठरवून भर लोकांत मारहाण करून ठार केले. त्या छावणीत नव्हत्या, स्वतःच्या गावात होत्या.

म्हणून बंद करायचा तो आरोप. घानाच्या संसदेने जुलै २०२३ मध्ये तसे विधेयक मंजूर केले. मात्र तत्कालीन अध्यक्ष अकुफो-अडो यांनी खासगी विधेयकामुळे तिजोरीवर बोजा पडतो, या घटनात्मक मुद्द्यावर सही नाकारली.

आपल्याला हे परके वाटू नये. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या कायद्यातही अमुक माणूस करणी करतो असे सांगून त्याचे जगणे अवघड करणे हा गुन्हा आहे. तिथेही देवावर बंदी नाही, बोट दाखवण्यावर आहे.

माझे अक्रातले सहकारी इंजिनियर होते, हिशेबनीस होते. त्यांच्यातले कित्येक जण चेटूक मानत. त्यामुळे नुसत्या शिक्षणाने हे सुटेल असे मला वाटत नाही. गाम्बागात प्रेस्बिटेरियन चर्चचे कार्यकर्ते बाईच्या गावी जातात, घरच्यांशी बोलतात आणि तयारी दिसली की तिला परत पोचवतात. काम संथ आहे. पण आपण देणगी देताना एवढे जरूर विचारावे: या पैशातून छावणीचे छप्पर शाकारले जाणार आहे, की एखादी म्हातारी घरी जाणार आहे? आज दोन्ही लागते. छप्पर गळत असताना थांबायला सांगता येत नाही. पण छपरावरच थांबलो तर छावणी कायमची होईल.