समुद्रावरील विमानयुद्धाचा एक खेळ



संगणकावरील खेळ म्हटला कीं आमच्या पिढीच्या कपाळास आठी पडते, आणि ती आठी अगदींच निराधार असते असें नाहीं. तथापि आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याची गोष्ट थोडी निराळी आहे.

त्याचें नांव ‘बॅटलहॉक्स १९४२’. लॉरेन्स हॉलंड यांनीं तो रचिला व लुकासफिल्म गेम्स या अमेरिकन संस्थेनें १९८८ सालीं प्रसिद्ध केला. १९४२ सालीं जपान व अमेरिका यांच्या आरमारांमध्यें कोरल समुद्र, मिडवे, पूर्व सॉलोमन व सांताक्रूझ येथें ज्या लढाया झाल्या, त्यांवर तो आधारलेला आहे. लढाया आरमारी खऱ्या. परंतु पहिल्याच लढाईंत एका पक्षाच्या जहाजांस दुसऱ्याचीं जहाजें दिसलींसुद्धां नाहींत. लढलीं तीं विमानवाहू जहाजांवरून उडालेलीं विमानें. खेळणारा अशाच एका विमानाच्या चालकाच्या जागीं बसतो. पक्ष कोणता घ्यावा हें त्याच्या मर्जीवर. शत्रूच्या खुर्चींतून लढाई पाहण्याची अशी संधि आमच्या क्रमिक पुस्तकांनीं क्वचितच दिली.

बहुतेक मुलें सूर मारून बॉम्ब टाकणारें विमान पसंत करतात. उंचावरून झेंप, नेम, स्फोट, आणि गुण पदरांत! पाणतीर म्हणजे टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानाकडे सहसा कोणी वळत नाहीं. त्यांत पाण्यालगत, सरळ रेषेंत, सावकाश जावें लागतें, आणि तोंवर जहाजावरील तोफांना व वरच्या ‘झीरो’ विमानांना आयतेंच निशाण मिळतें.

परंतु या जागीं बसल्यावांचून ४ जून १९४२ ची मिडवेची सकाळ नीट कळत नाहीं. ‘हॉर्नेट’ जहाजावरून जॉन वॉल्ड्रन यांचें पथक, १५ पाणतीर-विमानें, संरक्षक विमानांची साथ नसतां जपानी ताफ्यावर चालून गेलें. पंधराही पडलीं. ३० जणांपैकीं एक वांचला. एकही पाणतीर लागला नाहीं. पाठोपाठ आणखी दोन जहाजांचीं तशींच पथकें आलीं. तिन्ही मिळून ४१ विमानांपैकीं परतलीं तीं बोटांवर मोजण्याइतकीं. साडेदहाच्या सुमारास मात्र उंचावरून आलेल्या अमेरिकन विमानांनीं ‘आकागी’, ‘कागा’ व ‘सोर्यू’ हीं तीन जहाजें कांहीं मिनिटांत पेटविलीं.

वॉल्ड्रन यांनीं झीरोंना खालीं ओढलें म्हणून वरची वाट मोकळी झाली, असें पुष्कळदां सांगतात. मला तें पटत नाहीं. त्यांचा हल्ला जवळजवळ तासभर आधीं आटोपला होता. झीरोंना पुन्हां वर चढावयास तेवढा वेळ पुरे. खालीं गुंतविण्याचें काम केलें तें शेवटच्या पथकानें. वॉल्ड्रन यांनीं जपान्यांचा वेळ खाल्ला. पाणतीर चुकविण्यासाठीं जहाजांना सारखीं वळणें घ्यावीं लागलीं, रक्षक विमानें वारंवार उतरवावीं व उडवावीं लागलीं, आणि प्रतिहल्ल्याचीं विमानें डेकवर मांडावयास उसंत उरली नाहीं. खेळाचा हिशेब बुडालेल्या जहाजांचा व पाडलेल्या विमानांचा. या वेळेला त्यांत रकाना नाहीं. म्हणून ओळखीचीं मुलें हा खेळ घेऊन बसलीं, कीं मी त्यांस आधीं पाणतीर-विमान घ्यावयास लावतों. कुरकुरतात, पण घेतात!

खेळांत विमान समुद्रांत कोसळलें कीं मोहीम संपते. वॉल्ड्रन यांच्या पथकांतून वांचलेला तो तरुण, जॉर्ज गे, आसनाची उशी डोक्यावर धरून जपानी ताफ्याच्या मधोमध तरंगत राहिला, जहाजें जळतांना त्यानें पाहिलीं, आणि दुसऱ्या दिवशीं एका अमेरिकन जलविमानानें त्याला उचललें.