शाळेतील परिचारिका आणि तिच्यावरील मुलांचा भार

शाळेच्या वेळेत शाळेतच हजर राहून मुलांच्या प्रकृतीकडे पाहणारी प्रशिक्षित परिचारिका म्हणजे शालेय परिचारिका, आणि तिच्या एकटीच्या देखरेखीखाली जितकी मुले येतात तो तिचा सेवाभार. मुंबईत १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर १९२५ मध्ये एफ आणि जी विभागांत, म्हणजे परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात, शिक्षण सक्तीचे झाले. मूल शाळेत पाठवण्याची सक्ती करणाऱ्या सत्तेकडे शाळेच्या त्या तासांपुरती त्याच्या जिवाची जबाबदारीही येते, असे मानणेच न्याय्य आहे. तरीही २००९ चा शिक्षणहक्क कायदा प्राथमिक वर्गांसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवतो, ग्रंथालय आणि पिण्याच्या पाण्याचीही दखल घेतो, पण त्याच्या अनुसूचीत परिचारिकेला स्थान नाही.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा मुले तपासते, आणि जन्मजात व्यंग, रक्तक्षय, अधू दृष्टी वेळीच हेरण्याचे त्याचे काम मोलाचे आहे. परंतु पथक परतल्यावर उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न राहतोच. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून ते टोचून घ्यावे लागते. डब्याला उशीर झाला किंवा पीटीच्या तासाला धावपळ अधिक झाली की रक्तातील साखर उतरते, मुलाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, ते विनाकारण चिडते किंवा नुसते फळ्याकडे पाहत बसते. मूल शुद्धीवर असेल तर ताबडतोब ग्लुकोज पाजून पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची असते, बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीच द्यायचे नसते. हा निर्णय उरलेला वर्ग सांभाळत बाईंनी एकटीने घ्यावा, ही अपेक्षा बाईंवर आणि मुलावर सारखाच अन्याय करते. परळची मुले केईएम आणि वाडिया रुग्णालयांपासून हाकेच्या अंतरावर आहेत खरी, पण ती पंधरा मिनिटे वर्गातच सरतात.

शाळेत परिचारिका असावी ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १९०२ मध्ये परिचारिका लीना रॉजर्स यांच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले सोपवली गेली. डोळ्यांच्या व त्वचेच्या संसर्गामुळे घरी धाडलेल्या मुलांवर उपचार होतात की नाही, हे तोवर कोणी पाहत नव्हते. रॉजर्स यांनी ते शाळेत आणि घरोघर जाऊन पाहिले, आणि लवकरच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. पुढे अमेरिकेत साडेसातशे निरोगी मुलांमागे एक असे प्रमाण रूढ झाले. तेही कालांतराने अपुरे ठरले, कारण दमा, अपस्मार वा मधुमेह असलेल्या मुलाची गरज नुसत्या डोकी मोजून कळत नाही.

मुंबईतील महापालिकेच्या एकाच इमारतीत अनेकदा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा दोन पाळ्यांत भरतात. त्यामुळे येथे परिचारिका शाळेगणिक नव्हे तर इमारतीगणिक नेमावी, सकाळ आणि दुपार दोन्ही पाळ्यांना कोणी ना कोणी हजर राहील असे बघावे, आणि पथकाच्या वार्षिक तपासणीतून हाती येणारी आजारी मुलांची यादी तिच्या सेवाभाराचा पाया धरावी, हीच मागणी प्रथम करणे योग्य होईल.