बर्फावरून उतरल्यावरचे ऊन पाणी



ऐन वैशाखात, पंखे फिरत असूनही घामाच्या धारा लागलेल्या असताना, कढत पाण्यात गळ्याइतके बसण्याच्या सुखावर व्याख्यान ठेवावे, ही चालकांची विनोदबुद्धी की आमची, ते आम्ही सांगत नाही. विषयात निम्मे बर्फ आहे, एवढाच काय तो आपणांस दिलासा.

दिवसभर बर्फाच्या उतारावर पायांना स्की बांधून घसरावे आणि सांजावले म्हणजे ते गारठलेले, आंबलेले अंग ऊन पाण्यात सोडून द्यावे, हा परिपाठ आज युरोपात, अमेरिकेत आणि जपानात असंख्य माणसे पाळतात. ही सारी पैसेवाल्यांची चैन आहे, तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. बव्हंशी ते खरेही आहे. परंतु जगात एक गाव असे आहे की जेथे हे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही, त्याला तिकीट नाही, आणि तरीही ते शतकानुशतके स्वच्छ राहिले आहे. आम्हांला आज मुख्यतः त्या गावाविषयी बोलावयाचे आहे. पण आधी देहाचा विचार करू. कारण सुख कशात आहे हे कळल्यावाचून त्याची राखण का करावी हे कळत नाही.

स्कीवर घसरणारा माणूस दुरून पाहावा तर काहीच करीत नाहीसे वाटते. उतारच त्याला खाली नेतो. प्रत्यक्षात त्याच्या मांड्या सबंध दिवस लगाम खेचीत असतात. गुडघे वाकलेले, अंगाचा भार खाली ओढतो आहे, आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून तो भार तोलीत आहेत. डोंगर चढताना लागते ती दमछाक निराळी आणि उतरताना पाय भरून येतात ते निराळे, हे सिंहगड उतरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती याच जातीची. स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे ही कळ येते आणि ऊन पाणी ते आम्ल धुऊन काढते, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरे नव्हे. ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरात आपोआपच निघून जाते. दुखते ते स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झाल्यामुळे, आणि ती भरून यावयास काही दिवस लागतातच.

मग ऊन पाणी करते तरी काय? ते कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते, आवळलेले स्नायू सैल करते, आणि दुखण्याची जाणीव बोथट करते. शिवाय गळ्याइतक्या पाण्यात माणसाचे वजन जवळजवळ दशांशावर येते. सबंध दिवस भार वाहिलेल्या गुडघ्यांना एवढी सुटी दुसरे कोणी देत नाही. मनाचे म्हणाल तर त्याची मोजदाद कोणी करावी? आमच्या मते थकलेल्या माणसाला बरे वाटणे हे स्वतःच एक औषध आहे. त्याला शास्त्राचा खोटा पोशाख चढविण्याची गरज नाही.

मात्र दोन-तीन गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. गुडघा मुरगळून सुजला असेल तर पहिले दोन दिवस शेक वर्ज्य. ऊन पाण्याने सूज वाढते. बोटे बर्फाने बधिर झाली असतील तर ती कढत पाण्यात बुडवू नयेत, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. अंगाच्या उष्णतेइतके, म्हणजे सुमारे 37 ते 39 अंशांचे पाणी त्यासाठी योग्य. मद्य आणि ऊन पाणी यांची संगत तर टाळावीच. दोन्हींनी रक्तदाब उतरतो, आणि माणूस उठून उभा राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. जपानात दर हिवाळ्यात हजारो वृद्ध न्हाणीघरात प्राणास मुकतात. गार खोलीतून एकदम कढत पाण्यात, आणि पुन्हा गारठ्यात, अशी ही ये-जा म्हाताऱ्या हृदयाला सोसत नाही.

आता अमेरिकेतल्या प्रकाराविषयी थोडके सांगतो. जाकुझी नावाचे एक इटालियन कुटुंब कॅलिफोर्नियात येऊन स्थायिक झाले. त्यांनी आधी विमानांचे पंखे केले, मग विहिरींचे पंप. त्या घरातल्या एका लहान मुलाला संधिवात जडला. त्याच्या वडिलांनी, कँडिडो जाकुझी यांनी, घरच्या टबात सोडून पाणी घुसळता येईल असा पंप बनविला, आणि 1956 पासून तो बाजारात आला. पुढे 1968 साली त्याच घरातल्या रॉय जाकुझी यांनी पंप टबाच्या अंगातच बसविला. त्याच दशकात कॅलिफोर्नियातली हौशी मंडळी द्राक्षमद्याच्या लाकडी पिंपांत ऊन पाणी भरून अंगणात बसू लागली होती. या दोन धारा मिळून आजचा ‘हॉट टब’ झाला, आणि स्कीच्या गावांतील प्रत्येक हॉटेलाच्या ओसरीवर तो वाफाळू लागला. एका आजारी पोरासाठी बापाने केलेल्या खटपटीतून एवढा व्यापार उभा राहिला, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. परंतु त्या टबातले पाणी तेच ते फिरवलेले असते, त्याला क्लोरीनचा उग्र दर्प असतो, आणि जंतुनाशकात हयगय झाली तर त्या सुखोष्ण पाण्यात न्यूमोनिया आणणारे जंतू वाढतात. पाणी 40 अंशांपलीकडे तापवू नये, असा तेथील दंडक आहे.

जपानातली तऱ्हा निराळी. तेथे ऊन पाणी पुरातन, स्की मात्र कालचे पोर. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले मेजर थिओडोर फॉन लेर्ख यांनी 12 जानेवारी 1911 रोजी ताकादा या गावी जपानी लष्करी अधिकाऱ्यांना स्कीचे पहिले धडे दिले; हातात एकच लांब काठी घेऊन घसरण्याची त्यांची पद्धत होती. तेथून ही विद्या आसपासच्या बर्फाळ डोंगरांत पसरली. आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी ऊन पाण्याचे झरे, ज्यांना जपानी लोक ‘ओन्सेन’ म्हणतात, आधीपासूनच वाहत होते. कशाची कशाशी गाठ पडली पाहा! बर्फामुळे हिवाळाभर हात बांधून बसणाऱ्या खेड्यांना पाहुणे मिळाले, आणि पाहुण्यांना न्हाणीघर.

नागानो प्रांतातले नोझावा ओन्सेन हे अशांपैकी एक. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. गावकऱ्यांनी 1923 सालीच स्की क्लब काढला. 1930 साली ऑस्ट्रियाचे नामांकित स्कीगुरू हानेस श्नायडर येथे येऊन गेले. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधील बायॅथलॉन, म्हणजे स्की आणि नेमबाजी यांची एकत्र स्पर्धा, याच गावी झाली. डोंगराचा माथा 1650 मीटरांवर, गाव त्याच्या हजारएक मीटर खाली. म्हणजे वरून निघालेला माणूस घसरत घसरत थेट न्हाणीघरांच्या आळीशी येऊन थांबतो.

या गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरे आहेत. लाकडी, लहान, काही तर आपल्याकडच्या माजघराएवढी. आत पुरुषांचा भाग वेगळा, बायकांचा वेगळा. पहाटेपासून रात्री अकरापर्यंत ती उघडी असतात. दारात तिकीट फाडणारा कोणी नाही. एक पेटी असते, तीत वाटेल ते टाकावे. पाणी झऱ्यातून अखंड येते आणि अखंड वाहून जाते. त्याला गंधकाचा वास असतो. आत शिरण्यापूर्वी बाहेर बसून अंगावर पाणी घेऊन स्वच्छ व्हावयाचे, साबणाचा थेंब किंवा पंचाचे टोकदेखील कुंडात जाऊ द्यावयाचे नाही, हा शिरस्ता. अंघोळ करून मग पाण्यात बसावयाचे, हे आमच्यासारख्या माणसाला प्रथम उलटेच वाटते. पण विचार केला तर सोवळ्याची याहून सयुक्तिक व्याख्या सापडणे कठीण.

गावाच्या वरच्या अंगाला ‘ओगामा’ नावाचे कुंड आहे. तेथले पाणी नव्वद अंशांच्या घरात. पूर्वी ताग काढण्यासाठी तेथे भांगेची झाडे शिजवीत. आज बायका तेथे भाजी आणि अंडी उकडतात. परक्याने आत पाऊल टाकावयाचे नाही, कारण तोल गेला तर संपलेच. गावाच्या नावाची एक पालेभाजी आहे, तिचे लोणचे जपानभर खातात. थंडीच्या तोंडाशी तिच्या जुड्या गावकरी त्या न्हाणीघरांच्या ऊन पाण्यातच धुतात. म्हणजे हे पाणी पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेले नाही. ते गावाची चूल आहे, मोरी आहे, आणि चावडीही आहे.

ते राखते कोण? सरकार नव्हे, हॉटेलवाले नव्हेत. प्रत्येक न्हाणीघराभोवतीच्या घरांची एक मंडळी असते, तिला ‘यु-नाकामा’, म्हणजे पाण्याचे सोबती, म्हणतात. एदो काळापासून ही रीत चालत आली आहे. पाळीपाळीने एकेका घराने कुंड घासावयाचे, फरशी धुवावयाची. दिव्याचा आणि डागडुजीचा खर्च वाटून घ्यावयाचा. झरे आणि रान सांभाळणारी ‘नोझावा-गुमी’ ही गावसभाही जुनीच आहे. तीच दर 15 जानेवारीला अग्नीचा मोठा उत्सव करते. त्यात पंचविशीचे आणि बेचाळिशीचे पुरुष, ही दोन्ही वये तेथे अशुभ मानलेली, स्वतः लाकडे आणून उंच मांडव उभारतात, आणि चुडी घेऊन तो जाळावयास आलेल्या गावकऱ्यांपासून त्याचे रक्षण करतात. एकत्र राबण्याची सवय अशी लहानपणापासून अंगी मुरते. ज्या गावाला ती आहे त्याला पाण्याची पाळी लावावयास कायद्याची छडी लागत नाही.

आमच्या कोकणातही ऊन पाण्याचे झरे आहेत: वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ-राजवाडी. ज्वालामुखीचा तेथे संबंध नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. निसर्गाने आपल्यालाही हात आखडून दिलेले नाही. पण एखाद्या कुंडाच्या कडेला साबणाची वेष्टने आणि टाकलेली वस्त्रे पाहिली म्हणजे पाळी कोणाची होती, असा प्रश्न मनात येतो. उत्तर ठरलेले: कोणाचीच नव्हती.

मात्र नोझावात सारे आलबेल आहे असे आपण समजू नये. गेल्या काही वर्षांत तेथे परदेशी पाहुणे फार वाढले आहेत. न्हाणीघरांतले पाणी चांगलेच कढत असते. दिवसभर बर्फात काढलेला पाहुणा पाय आत घालतो, चटका बसतो, आणि तो थंड पाण्याचा नळ सोडून देतो. नळ तसाच वाहता ठेवून तो बाहेर पडतो, आणि मागून आलेल्या म्हाताऱ्या गावकऱ्याला कोमट पाणी मिळते. त्याने दिवसभर शेतात किंवा स्कीच्या पाळण्यावर काम केलेले असते, आणि त्या आठवड्यात कुंड घासण्याची पाळीही त्याचीच असते. त्याला राग येणे स्वाभाविक आहे. परंतु पाहुणा नसेल तर त्याच्या मुलाला गावात काम नाही, हेही तो जाणतो. जपानी खेड्यांतून तरुण माणसे शहराकडे जातात आणि मागे वृद्ध उरतात. घासणारे हात कमी, अंघोळ करणारी अंगे अधिक, असा हा व्यस्त हिशेब आहे.

यावर तिकीट लावावे, पगारी माणसे नेमावीत, हा सोपा उपाय कोणीही सुचवील. आम्हांला तो पटत नाही. पगारी माणूस फरशी उत्तम धुईल, यात शंका नाही. पण मग पैसे देणाऱ्याचा हक्क सुरू होतो, आणि ‘आम्ही पैसे मोजले आहेत, आम्ही नळ सोडू’ हे वाक्य त्यामागोमाग येते. तूर्त तेथे दारावर पाट्या लावतात, घराघरांत पाहुण्यांना रीत समजावून सांगतात, आणि कोणी कुंडात नीट वागला नाही तर शेजारी बसलेला आजोबा हाताने खूण करून सांगतो. पुष्कळ पाहुणे ऐकतात. काही ओशाळतात, नळ बंद करतात आणि दात आवळून बसून राहतात. दोन मिनिटांत अंग पाण्याला सरावते.

रात्री अकरा वाजले की दारे लागतात आणि ज्या घराची पाळी असेल त्या घरचे माणूस खराटा घेऊन येते. बाहेर बहुधा बर्फ पडत असते.