थांबलेले हृदय आणि दोन तळहात

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला हमाल असो वा बेळगावच्या कचेरीतला कारकून, इस्पितळाच्या खाटेवर असतानाच ज्याचे हृदय अकस्मात थांबते, त्याचे प्राण प्रथम अवलंबून असतात ते जवळच्या परिचारिकेच्या दोन तळहातांवर. छाती न उघडता, केवळ बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू राखता येते, हे बाल्टिमोरच्या काउवेनहोवेन, जूड व निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले; परंतु प्रौढ रुग्णास ते दाब मिनिटाला १०० ते १२०, खोल ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छातीला पूर्ववत वर येऊ देणारे हवेत, कारण त्या क्षणिक उसंतीतच हृदयात रक्त परत भरते. मऊ गादीत बराच जोर वाया जातो, म्हणून पाठीखाली कठीण फळी घालावी. दमलेल्या हाताचे दाब उथळ होतात, आणि दुर्दैव असे की हे त्या हातालाच उशिरा उमगते. यास्तव दर २ मिनिटांनी माणूस बदलावा, खंड मात्र १० सेकंदांपलीकडे जाऊ देऊ नये. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. सीमाभागातील लहानमोठ्या इस्पितळांच्या चालकांनी तेथल्यासारख्या जाणत्या वैद्यकशिक्षकांकडून आपल्या सेवकवर्गाची पुतळ्यावरील तालीम वारंवार करवून घ्यावी, ही कळकळीची विनंती.