जॅक कॉर्नवेल : नेमून दिलेली जागा



शौर्याची गोष्ट सुरू झाली की मुले विचारतात, "त्याने किती शत्रू मारले?" जॅक कॉर्नवेलच्या कथेत या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणूनच ती वर्गात सांगण्याजोगी आहे.

जॅकचा जन्म ८ जानेवारी १९०० रोजी लंडननजीक लेटन येथे एका गरीब कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी त्याची शाळा संपली व तो चहा पोचविणाऱ्या गाडीवर काम करू लागला. पहिले महायुद्ध चालू असता, १९१५ मध्ये, तो ब्रिटिश आरमारात भरती झाला. पुढे 'चेस्टर' या क्रूझरवर त्याची नेमणूक झाली.

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडची लढाई जुंपली. जॅक पुढच्या ५.५ इंची तोफेपाशी होता. कानाला लावलेल्या टेलिफोनवरून येणारे हुकूम ऐकावयाचे आणि त्यांप्रमाणे नेमयंत्रावर अंतराचे आकडे बसवावयाचे, हे त्याचे काम. सायंकाळी चार जर्मन क्रूझरांनी एकट्या 'चेस्टर'ला गाठले. तोफेपुढील पोलादी ढाल डेकपर्यंत पोचत नव्हती; तिच्या खालून आलेल्या तुकड्यांनी गोलंदाजांचे पाय छिन्नविच्छिन्न झाले. जॅकच्या छातीत पोलाद घुसले होते. भोवती सोबती मृत वा जखमी होऊन पडले होते. तो आडोशाला गेला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु हुकूम येईल, तो ऐकावयास कोणीतरी हवे, म्हणून लढाई संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

२ जून रोजी ग्रिम्सबीच्या इस्पितळात तो मरण पावला. आई निघाली होती. पण ती पोचण्यापूर्वीच सारे संपले. प्रथम त्याला सामाईक कबरीत पुरले. पराक्रमाची वार्ता पसरल्यावर जुलैत पुन्हा लष्करी इतमामाने त्याचा दफनविधी झाला. सप्टेंबरात त्याला मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' जाहीर झाला. नोव्हेंबरात बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या हातून तो आईने स्वीकारला. त्याच्या नावाने देशभर वर्गणी जमली. शाळकरी मुलांनीही पैसे दिले. तरीही ती माता १९१९ मध्ये दारिद्र्यातच वारली.

हा शेवट वगळून गोष्ट सांगू नये. पदकाची चमक तेवढी दाखविली तर मुलांना युद्ध हा खेळ वाटेल. सोळा वर्षांच्या मुलाला तोफेपाशी उभे राहावे लागले, हे जगाला भूषण नव्हे. आणि गौरवाचे सोहळे करणाऱ्या समाजाला वीराच्या घरची चूल दिसू नये, हेही नव्हे. मात्र नेमून दिलेली जागा न सोडण्याची जॅकची वृत्ती अनमोल आहे. ती अंगी बाणविण्यासाठी रणांगण लागत नाही. वर्गाची पाळी, पाण्याचा माठ, धाकट्या भावाचा सांभाळ यांतूनही ती घडते. जॅकची तोफ लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जतन केलेली आहे. त्याची निष्ठा जतन करावयाची जागा मात्र शाळा हीच होय.