ज्ञानदान आणि त्याचा आवर्ती खर्च



आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांपैकी ज्ञानदानाचा हिशेब ठेवणे सर्वांत अवघड. भोजनशाळेत किती पाने उठली हे सहज मोजता येते. वर्गातील किती जणांना वाचता येऊ लागले, हे विचारण्याची प्रथा मात्र अद्याप रुजलेली नाही. म्हणूनच साक्षरतेसाठी देणगी द्यावयाची झाली की दात्याची दृष्टी प्रथम इमारतीकडे जाते. इमारत दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. वर्गाला दरमहा लागणारा खर्च दिसत नाही.

शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढल्याच वर्षी बाजार कोसळून त्यांची संपत्ती गेली, तरी दान टिकले. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. असे दान आजही वंदनीय आहे. परंतु हा मनोरा उभा राहत असतानाच, १८७६ मध्ये, गिरगावच्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी श्रमिकांसाठी रात्रशाळा सुरू केल्या. अशा वर्गाला दिव्याचे तेल, पाटी-पेन्सिल आणि दिवसाचे काम आटोपून शिकवायला येणारा माणूस हवा असतो, आणि तो रोज हवा असतो. वर्षातून एकदा आलेल्या देणगीने तेथे भागत नाही.

गिरणगावची कथाही तशीच. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस पुन्हा पाटी हाती घेतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या संस्थेच्या परळ येथील नाट्यगृहाचे दामोदर हे नाव सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या वर्गात गिरविणाऱ्याचा हात धरणाऱ्या शिक्षकाचे नाव कोणाला आठवत नाही. डोक्यावर छप्पर हवेच, यात वाद नाही. तक्रार एवढीच की छपराला दाता मिळतो आणि शिक्षकाच्या मानधनासाठी दारोदार फिरावे लागते.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला सर्वांत व्यवहारी उत्तर दिले ते 'प्रथम' या संस्थेने. १९९० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफ, मुंबई महानगरपालिका आणि शहरातील उद्योजक व नागरिक यांच्या सहयोगातून ती उभी राहिली. तिचे एक संस्थापक डॉ. माधव चव्हाण हे माटुंग्यास रसायनशास्त्र शिकवीत. फरीदा लांबे या समाजकार्य महाविद्यालयात प्राध्यापक होत्या. संस्थेने बालवाड्यांसाठी इमारती बांधल्या नाहीत. कोणाचे घर, कुठे देऊळ, कुठे एखाद्या पक्षाची कचेरी, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरला, आणि शिकविण्यासाठी त्याच वस्तीतील मुलगी घेतली. पुढे १९९८ पासून पालिका शाळांत 'बालसखी' आली. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्याच वेळात दोन तास वेगळे बसवून मुळाक्षरांपासून शिकवावयाचे, एवढेच तिचे काम. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये होते. म्हणजे दहा महिन्यांचा खर्च फार तर साडेसात हजार.

याच उपक्रमाचा मुंबई व वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. या दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वाधिक वाढले. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील दुसरी नोंद दात्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवी. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने त्या लाभाचा मोठा भाग ओसरला होता. एका वर्षासाठी देणगी देऊन समाधान मानणाऱ्याला हे मानवणारे नाही, पण ते खरे आहे.

यावर कोणी म्हणेल, स्वयंसेवक विनामूल्य मिळतात, मग मानधन कशाला? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, तेव्हा जी मुले आली त्यांना निश्चित लाभ झाला. परंतु आली ती गावांतील सुमारे ८ टक्केच मुले. हौसेने उघडलेले दुकान सणावारी बंद राहते. गिऱ्हाइकाला मग दुसऱ्या दुकानाची सवय लागते.

हिशेबाचे म्हणाल, तर तोही सोपा आहे. 'प्रथम'च्या पुढाकाराने २००५ पासून देशभर झालेल्या 'असर' पाहणीत मुलापुढे एक कागद ठेवला जातो. त्यावर अक्षरे, शब्द, एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते. मूल कोठवर वाचते, तेवढेच लिहून घ्यावयाचे. त्या पहिल्याच पाहणीत पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता, आणि हे कळण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. पेढीवर रोजमेळ त्या त्या दिवशी लिहितात; दिवाळीला एकदम लिहिलेल्या वहीवर मुनीमसुद्धा विश्वास ठेवत नाही. वह्यावाटपाचे छायाचित्र मागण्याऐवजी जूनमधील आणि मार्चमधील असे दोन आकडे मागणारा दाता संस्थेवर उपकारच करतो.

लालबाग-परळच्या चाळींत दुपारी रिकामी असणारी मंडळाची खोली आजही सापडते. पहिल्या महिन्यात वर्ग भरवूच नये. दोन कार्यकर्त्यांनी तो कागद घेऊन घरोघर जावे, एकेका मुलाला समोर बसवून वाचावयास सांगावे आणि नोंद करावी. या कामाला छायाप्रतींच्या खर्चापलीकडे फारसे काही लागत नाही. किती मुले अक्षरापाशी अडली आणि किती शब्दापाशी, हे कळले की किती शिक्षिका लागतील ते ठरते. त्या संख्येला दरमहाच्या मानधनाने आणि किमान तीन वर्षांनी गुणावे. जो आकडा येईल, तो विश्वस्तांपुढे ठेवावा. तोवर नामफलकाची मागणी नोंदवू नये.